पोराची मजुरी, बापाची जात

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय उघडते तेव्हा दारव्ह्यातील आमच्या वर्गात निम्मी बाके रिकामी असतात. हजेरी घेताना मला कारण विचारावे लागत नाही. तालुक्यातली पऱ्हाटी फुटलेली असते आणि पोरे वेचणीला गेलेली असतात. एका वर्षी अकरावीतला एक मुलगा सुट्टीच्या आधीच माझ्यापाशी येऊन उभा राहिला. खाली मान घालून म्हणाला, "सर, दिवाळीनंतर पंधरा दिस येनं होत नाई. परीक्षेचा फारम भराचा हाये, कापूस येचाले जातो." मी त्याला "जा" म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो? त्याच्या वयाचा असताना मीही असाच गेलो होतो.

त्याच सुमारास शहरातल्या एका वर्तमानपत्राची पुरवणी हाती पडली. मुलांना लहानपणापासून स्वतःचे पैसे कमवायला कसे शिकवावे, असा तीत लेख होता. आकाशकंदील करून विकावेत, खालच्या वर्गातल्या मुलांच्या शिकवण्या घ्याव्यात, सुट्टीत एखाद्या दुकानात बसावे, मिळालेले पैसे स्वतःच्या नावाने बँकेत टाकावेत, म्हणजे स्वावलंबनाचे संस्कार होतात, असे लेखकाचे म्हणणे. सल्ला वाईट नाही. पण माझ्या मनात प्रश्न आला तो असा : एका घरातले पोर पैसे कमावते तेव्हा त्याला 'स्वावलंबन' म्हणतात आणि दुसऱ्या घरातले पोर कमावते तेव्हा त्याला 'बालमजुरी' म्हणतात, हा फरक कोणी ठरवला? काम जड की हलके, एवढ्यावरच तो ठरतो काय? की पोराच्या बापाची जात आणि बापाची जमीन पाहून ठरतो?

या प्रश्नाचे उत्तर पुरवणीत मिळणार नाही. ते इतिहासात शोधावे लागेल, आणि तो इतिहास आपल्याच वाड्यावस्त्यांचा असल्यामुळे तो शोधण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

गावगाड्यात अस्पृश्याच्या पोराला मजुरी होती, पण कमाई नव्हती. वऱ्हाडातल्या गावात कामदार महार असे. सांगावा पोचवावा, अंमलदार आला की त्याच्या दिमतीला राहावे, मेलेले ढोर ओढून न्यावे. मोबदला खळ्यावरच्या धान्यात आणि दारोदार मिळणाऱ्या भाकरीच्या तुकड्यांत. हे काम एका माणसाचे नव्हते, ते घराचे होते. बाप तापाने फणफणला तर पोराने काठी उचलायची. शेजारच्या मुंबई इलाख्यातील महार वतनासंबंधी बाबासाहेबांनी १९२८ साली कायदे कौन्सिलात बिल मांडले, तेव्हा त्यांचा एक मुख्य आक्षेप हाच होता. वतनदार हजर नसला तर त्याच्या घरातल्या कोणालाही, दिवस असो की रात्र, कामाला जुंपता येते. म्हणजे चाकरी एकाची आणि बंधन सगळ्या कुटुंबाला. शंकरराव खरातांनी 'तराळ-अंतराळ'मध्ये आणि दया पवारांनी 'बलुतं'मध्ये जे बालपण मांडले, ते या बंधनातलेच बालपण होते. त्या बालपणात पोर राबत होते. मात्र त्याच्या तळहातावर पैसा म्हणून काही पडत नव्हते. जे मिळे ते घराच्या टोपल्यात पडे, आणि तेही हक्क म्हणून नव्हे, उपकार म्हणून.

मग आमच्या भागात कापूस आला, म्हणजे विकायचा कापूस आला. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारा अरुंद रुळांचा फाटा झाला. त्यावरच्या गाडीला लोक 'शकुंतला' म्हणत. दारव्हा हे त्या मार्गावरचे स्टेशन. १९९४ पर्यंत ती गाडी वाफेच्या इंजिनावर धावत होती, आता ती बंद पडली आहे. या रुळांनी आमचा कापूस बाहेर नेला आणि गावात रोख पैसा आणला.

हा रोख पैसा आपल्या माणसांसाठी लहान गोष्ट नव्हती. बलुत्याच्या धान्यात अपमान मिसळलेला होता. वजनाच्या मजुरीत निदान हिशेब होता. इतका कापूस वेचला, इतके पैसे. ज्याला गावात कोणी नावाने हाक मारत नव्हते, त्याच्याही गाठोड्याचे वजन मोजावे लागत होते. म्हणून नाण्याला नुसती शिवी देऊन चालणार नाही. आपल्यातल्या कित्येकांना गावकीचे काम सोडण्याचे बळ या नाण्यानेच दिले.

पण पोराचे काय झाले? वेचणीचे काम ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको. बोंडे कमरेइतक्या उंचीवर असतात, काही त्याहून खाली. लहान हातांना ती सोपी जातात. मजुरी दिवसावर नसून किलोवर असल्यामुळे मालकाला वेचणाऱ्याचे वय विचारण्याचे कारण नसते. पोर मायच्या तासात चालते, मायच्या ओट्यात कापूस टाकते, आणि संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो तेव्हा मायलेकराचे एकच गाठोडे होते. एकच वजन लिहिले जाते आणि एकच नाव. चुकारा बाजाराच्या दिवशी होतो, तो माय किंवा बाप घेतो. पोराने त्यात किती किलो वेचला हे कोणत्याही वहीत येत नाही. बलुत्यात पोर घराच्या नावाखाली दडले होते, इथे ते मायच्या गाठोड्यात दडले. जमाना बदलला, पण पोराची मजुरी दिसेनाशी करण्याची रीत तीच राहिली.

आता कायद्याकडे पाहू. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ सालचा. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात मज्जाव केला आणि सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तास काम ठरवले. पण हा कायदा शंभरावर मजूर असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. कापसाचे जिन हंगामी, त्यामुळे त्यांच्यापैकी कितीतरी आपोआप बाहेर राहिले. १८९१ मध्ये वयाची अट नऊ वर्षांवर आली, १९२२ मध्ये बारावर, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने चौदावर. ही प्रगती खरी आहे. तिच्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारख्या सत्यशोधकाने १८८४ पासून उभी केलेली कामगारांची चळवळ आहे, हेही आपण विसरता कामा नये.

मात्र हा कायदा कारखान्याच्या फाटकापाशी उभा होता. शेताच्या धुऱ्यावर तो आला नाही. १९४८ याच साली किमान वेतनाचा कायदा झाला. त्याच्या यादीत शेतमजुरी होती, आणि त्यात प्रौढ, किशोर आणि बालक यांच्यासाठी वेगवेगळे दर ठरवण्याची मुभा होती. एकाच वर्षी एका कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात बंदी केली आणि दुसऱ्याने शेतातल्या बालकाचा दर ठरवायची सोय करून ठेवली. आता शेतात राबणारी पोरे कोणाची? ज्यांना शेत नाही त्यांची. आणि शेत कोणाला नव्हते, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

कारखान्यातही नाण्याला जात होतीच. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना सूतखात्यात घेत, पण कापडखात्यात घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होई. जास्त पगार मात्र कापडखात्यातच होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. आपल्या वस्तीतले पोर गिरणीत शिरले तरी त्याच्या पगाराची मर्यादा त्याच्या जन्माने आधीच आखलेली होती.

या सगळ्या कायद्यांत एक कलम असे आहे की त्याच्याकडे आपल्या चळवळीचे पुरेसे लक्ष गेले नाही. व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालात विड्यांच्या आणि तशा इतर लहान कारखान्यांत पाच वर्षांची मुले काम करताना आढळल्याचे नमूद केले. त्यानंतर १९३३ मध्ये मुलांचे श्रम गहाण ठेवण्याला बंदी करणारा कायदा आला आणि १९३८ मध्ये बालकांच्या नोकरीविषयीचा. या दुसऱ्या कायद्याने विड्या वळणे, गालिचे विणणे, कातडी कमावणे अशा कामांच्या कार्यशाळांत बारा वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. पण सोबत एक सवलत ठेवली. जिथे मालक फक्त आपल्या कुटुंबाच्या मदतीने काम करतो, तिथे ही मनाई लागू नाही. १९८६ चा बालकामगार कायदा आला, त्यातही कुटुंबाची ही सवलत कायम राहिली. २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्वच धंद्यांत बंदी झाली, याचे स्वागत झाले. पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाला किंवा कौटुंबिक व्यवसायाला मदत करायला मोकळीक राहिली. काम धोक्याचे नसावे, एवढीच अट. १९३८, १९८६, २०१६. जवळजवळ ऐंशी वर्षे झाली, राज्यकर्ते बदलले, घटना आली, तरी प्रत्येक वेळी कायदा घराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबला.

उंबऱ्याच्या आत काय आहे? ब्राह्मणाच्या घरात पोथी आहे, वाण्याच्या घरात तराजू आहे. चांभाराच्या घरात रापी आहे, बुरुडाच्या घरात बांबू आहे, आणि मेहतराच्या घरात झाडू आहे. या देशात 'कौटुंबिक व्यवसाय' हा शब्द निरागस नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या आपल्या भाषणात दाखवून दिले की जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. माणसाचे काम त्याच्या कुवतीवरून न ठरता आईबापांच्या दर्जावरून आधीच ठरते, हा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप समोर ठेवून 'कुटुंबाला मदत' हे कलम वाचा. कायद्याच्या भाषेत जातीचे नाव कुठेही नाही, आणि तरीही ज्या रस्त्याने जात बापाकडून पोराकडे जाते तो रस्ता त्याने उघडा ठेवला आहे.

कोणी म्हणेल, हा संशय झाला. संशय नाही, याचे उदाहरण आपल्याच देशात घडलेले आहे. १९५३ साली मद्रास प्रांतात राजगोपालाचारींच्या सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात घरी बापाचा धंदा शिकावा. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलशिक्षण, म्हणजे जातीचे शिक्षण, असे नाव देऊन रान उठवले. १९५४ साली राजाजींना पद सोडावे लागले आणि कामराजांनी आल्यावर ती योजना मोडीत काढली. तिथल्या बहुजनांना जे एका वर्षात कळले, ते २०१६ साली आपल्या कितीशा सभांतून बोलले गेले?

आपल्या शेजारी वर्ध्यालाही हा वाद झालेला आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी बोलावलेल्या शिक्षण परिषदेत हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची योजना मांडली गेली. अंगमेहनतीला मान मिळावा हा तिचा हेतू होता, आणि तो खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण मुलांनी कातलेल्या सुताच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, ही तिच्यातली अट होती. त्या परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी या स्वयंपूर्णतेच्या कल्पनेला विरोध केला. आपल्या बाजूने त्यात एवढीच भर घालायची, की ज्या पोराच्या सात पिढ्यांना श्रमाची ओळख आहे, त्याला शाळेत श्रमाची ओळख करून द्यायची गरज नव्हती. त्याला अक्षरांची ओळख हवी होती. आणि त्या अक्षरांची किंमत त्याच्याच हातांनी फेडून घेण्याचा अधिकार सरकारला नव्हता.

कुटुंबाच्या या कलमाचा सर्वांत विदारक अनुभव एका शिष्यवृत्तीने दिला. मैला साफ करणे, कातडी सोलणे, कातडी कमावणे असली 'अस्वच्छ' कामे करणाऱ्यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारने १९७७-७८ मध्ये शिष्यवृत्ती सुरू केली. हेतू चांगला. पण ती मिळवायला बाप ते काम करतो असा पुरावा द्यावा लागे. म्हणजे बापाने झाडू खाली ठेवला की पोराची शिष्यवृत्ती गेली! पोराला शाळेत टिकवायचे तर बापाने घाणीत टिकले पाहिजे, असा हा हिशेब होता.

या सगळ्याच्या विरुद्ध बाजूला आपली एक दुसरी परंपरा आहे, आणि तीच माझ्या मते या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी स्पष्ट सांगितले की शेतकरी आणि गरीब वर्ग पोरांना शाळेत घालत नाही, कारण ढोरे राखायला आणि शेत सांभाळायला त्याला पोरांचे हात लागतात. या अडाणी बापांना दोष देऊन जोतीराव थांबले नाहीत. शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे वाढवा, आणि निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. त्यातली सक्ती आपण नेहमी सांगतो, शिष्यवृत्ती विसरतो. पोराचे हात शेतातून काढून घ्यायचे तर त्या हातांची भरपाई केली पाहिजे, हे जोतीरावांना कळत होते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ साली सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते वसतिगृहे काढत होते. नुसत्या सक्तीने गरिबाचे पोर शिकत नाही, त्याच्या भाकरीचीही सोय लागते, हे त्यांनीही ओळखले होते.

बाबासाहेबांच्या लहानपणीची एक गोष्ट धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. घरच्या ओढाताणीला कंटाळून भीमाने ठरवले की आता आपले आपण कमवायचे. साताऱ्याच्या पोरांना मुंबईच्या गिरण्यांत काम मिळते असे त्याने बहिणींकडून ऐकले होते. मुंबईच्या भाड्यासाठी त्याने आत्याच्या कमरेचा बटवा काढायचा प्रयत्न केला. तीन रात्री जमले नाही. चौथ्या रात्री बटवा हाती आला, आणि त्यात निघाला अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याने मुंबई गाठता येत नव्हती. मग भीमाने ठरवले की भरपूर अभ्यास करायचा, लवकर परीक्षा पास व्हायचे आणि मग आपल्या पायावर उभे राहायचे.

ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणांत जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. पण ती पुरती सांगत नाही. तो मुलगा पुढे कॉलेजात गेला तो नुसत्या जिद्दीवर गेला नाही. मधल्या काळात थोरले बंधू आनंदराव यांना शाळा सोडून कामाला लागावे लागले. आणि कॉलेजसाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. अर्ध्या आण्यापासून पंचवीस रुपयांपर्यंतचा हा प्रवास आहे. त्या बटव्यात गाडीभाड्यापुरते पैसे निघाले असते तर भीमा गिरणीत लागला असता, आणि आपण आज कुठे असतो? पोराच्या हाती पैसा पडणे एवढेच महत्त्वाचे नसते. तो कशासाठी पडतो आणि पोराला कुठे नेतो, हे महत्त्वाचे असते.

१९२७ च्या मार्चमध्ये मुंबई कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी आकडा दिला होता की पहिलीत आलेल्या शंभर मुलांपैकी केवळ अठराच चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ब्याऐंशी कुठे गेली, याचे उत्तर ढोरांमागे, शेतात आणि गिरणीत शोधावे लागेल. म्हणूनच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी लावून धरली आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. माझ्यासारखा घरातला पहिला पदवीधर आज या पानावर लिहितो आहे, तो त्या निर्णयाचे फळ आहे.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी तिसरी वाट दाखवली. 'स्वावलंबी शिक्षण' हे रयत शिक्षण संस्थेचे ब्रीद. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि कष्ट करून शिकत. पुढे 'कमवा आणि शिका' ही योजना झाली ती या बीजातून. तिच्यात आणि 'कुटुंबाला मदत' या कलमात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथे मराठ्याच्या पोरालाही शेण उचलावे लागे आणि महाराच्या पोरालाही. काम बापाचे नव्हते, जातीचे नव्हते. आणि त्या कामाच्या दुसऱ्या टोकाला पुस्तक ठेवलेले होते.

इथपर्यंत मी सरकारला आणि सवर्ण समाजाला जाब विचारला. आता आपल्या घरातही डोकावले पाहिजे. मी सातवीत असताना माझी थोरली बहीण आणि मी एकाच तासात वेचणी करत होतो. तिचे हात माझ्यापेक्षा चपळ. संध्याकाळी तिचे गाठोडे माझ्या दीडपट भरत असे. माझ्या चुकाऱ्यातून मला वही, पेन आणि बाजारातली शेवचिवड्याची पुडी मिळे. तिचा चुकारा सरळ मायच्या पदरात जाई. तिने कधी मागितला नाही आणि तिला कोणी विचारलेही नाही. पुढल्या वर्षी तिची शाळा सुटली. मी दहावी झालो तेव्हा मला बाहेरगावच्या वसतिगृहात ठेवायचे ठरले. शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष संपल्यावर आले. ते वर्षभर माझी खानावळ तिच्या वेचणीवर आणि निंदणावर चालली. माझ्या पदवीच्या कागदावर माझे आणि वडिलांचे नाव आहे. तिचे नाव कोणत्याच कागदावर नाही. आनंदरावांचे नाव निदान चरित्रकाराने लिहून ठेवले. आपल्या बहिणींची नावे कोण लिहिणार?

आपण विद्रोहाची भाषा बोलतो. पण मुलगा कमावतो तेव्हा तो कर्ता होतो आणि मुलगी कमावते तेव्हा ती घराला हातभार लावते, हा हिशेब मनूचाच आहे. तो आपण बौद्ध झाल्यावरही घरात तसाच ठेवला.

मग करायचे काय? पोरांनी मुळीच कमवू नये, असे मला म्हणायचे नाही. ते म्हणणे पोट भरलेल्यांना परवडते. चौदा वर्षांच्या आतले पोर शाळेत असले पाहिजे, कुटुंबाच्या नावावर असो की परक्याच्या, त्याला कामाला जुंपता कामा नये, आणि २०१६ च्या दुरुस्तीतली कुटुंबाची सवलत गेली पाहिजे, ही मागणी आपण ठामपणे केली पाहिजे. त्यावरच्या मुलामुलींनी काम केले तर त्याचा पैसा त्यांच्या हातात, त्यांच्या खात्यावर पडला पाहिजे, मुलीचा तर आधी. 'कमवा आणि शिका' योजना मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांपुरती न राहता तालुक्याच्या महाविद्यालयात आली पाहिजे. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात, बागेत दोन-दोन तासांचे काम काढता येते. झाडलोटीचे काम निघाले तर ते सर्व जातींच्या मुलांना पाळीपाळीने द्यावे. ते पुन्हा आपल्याच पोरांच्या वाट्याला आले तर त्या योजनेचे नाव बदलावे लागेल! आणि शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली पाहिजे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना सुरू केली आहे. पण पोराला भूक जुलैमध्ये लागते. पैसा वर्ष संपता संपता आला, तर मधले महिने कोणीतरी बहीण शेतात भरून काढत असते. शिष्यवृत्तीला उशीर होतो तेव्हा सरकार गरिबाच्या पोरीकडून बिनव्याजी कर्ज घेत असते, हे कार्यकर्त्यांनी समाजकल्याणच्या दारात जाऊन सांगितले पाहिजे.

तो अकरावीतला मुलगा सतराव्या दिवशी परत आला. बोटांची अग्रे पऱ्हाटीच्या वाळलेल्या नखांनी सोलून निघाली होती, पेन नीट धरता येत नव्हते. फॉर्मचे पैसे त्याने भरले. मी विचारले, "उरले काय रे काही?" तो म्हणाला, "उरले सर. बहिणीले दहावीचा फारम भराले देले." मी हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढच्या रिकाम्या रकान्यांकडे पाहत राहिलो. नियमाप्रमाणे तो पंधरा दिवस गैरहजर होता.